बोलेरोचं नाक

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्याला बोलेरोच्या बॉनेटवर स्कूप बसवायचा होता. म्हणजे ते पुढे तोंड उघडलेलं नाक असतं ना, ते. पोराने मोबाईलवर फोटो दाखवला. काळ्या प्लास्टिकचं, दोन भोकांचं. "मामा, इंजिनाले हवा भेटते ना त्याच्यानं!"

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण गाडी खरंच तापत होती. आणि ती गाडी म्हणजे नुसती हौस नाही. आमच्या भाऊजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी आर्णीच्या पुढच्या गावाहून यवतमाळला न्यावं लागतं. एका मंगळवारी परत येताना काटा लाल पट्ट्याला टेकला आणि ताई, भाऊजी आणि पोरगा भर उन्हात रस्त्याच्या कडेला बाभळीखाली अर्धा तास बसून राहिले. बाभळीची सावली ती केवढी! भाऊजी काही बोलले नाहीत. ताई मात्र रात्री फोनवर रडली. तेव्हा पोराच्या स्कूपकडे मलाही गंभीरपणे पाहणं भाग पडलं.

पाहिलं, विचारलं, थोडं वाचलं. आणि माझं मत असं झालं की बॉनेटला भोक पाडायचं असेल तर आधी एक प्रश्न विचारावा: ही हवा आत घेण्यासाठी आहे की बाहेर सोडण्यासाठी? बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं. मलाही वाटत होतं.

पोराचा आदर्श जुनी फॉर्च्युनर. २००९ साली आपल्याकडे आली ती, तीन लिटर डिझेलवाली. तिच्या बॉनेटवर मोठं नाक होतं आणि ते शोभेचं नव्हतं. पण ते इंजिनाचं पाणी थंड करत नव्हतं! त्या नाकाखाली इंजिनाच्या डोक्यावरच इंटरकूलर बसवलेला. टर्बोने दाबलेली हवा तापते, ती इंजिनात शिरण्याआधी गार करायची, एवढंच त्या नाकाचं काम. काटा दाखवतो ते तापमान पाण्याचं, आणि पाणी गार करायचं काम पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरचं. खाली इंटरकूलर नाही, हवेला नेमकी वाट दाखवणारी नळी नाही, आणि वरून फक्त भोक पाडलं, तर बाहेरची हवा बॉनेटखाली कोंबली जाते. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला आधीच मागे-खाली निघायला जागा कमी, त्यात ही नवी पाहुणी. म्हणजे उपकार सोडा, अडचणच.

गरम हवा काढायची असेल तर तोंड मागे असलेल्या फटी लागतात, त्याही रेडिएटरच्या थोड्याच मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात. धावत्या गाडीत तिथे बाहेरचा दाब कमी असतो, म्हणून आतली हवा आपोआप ओढली जाते. काचेच्या बुडाशी उलट. तिथे हवा आदळते, दाब वाढतो. म्हणूनच गाडीत बसणाऱ्यांसाठी ताजी हवा घेण्याची जाळी बहुतेक गाड्यांत तिथेच असते. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलणारे लोक मी पाहिलेत. उभ्या गाडीत त्याने थोडी वाफ निघते, मान्य. पण इंजिनाची गरम हवा आणि डिझेलचा वास त्याच जाळीतून भाऊजींच्या नाकात जाणार, त्याचं काय?

आणि वेगाचा हिशेब वेगळाच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला समोरून मिळणारा दाब म्हणजे पाण्याच्या जेमतेम दीड सेंटिमीटर उंचीएवढा. ३० ला त्याचा चौथा हिस्सा. आमच्या गावातून हायवेपर्यंतच्या रस्त्यावर ३० च्या वर जाऊन दाखवा, मी चहा पाजतो :)

पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. मे महिन्यात पाडलेलं भोक जुलैमध्ये बुजत नाही. अल्टरनेटरवर पाणी, फ्यूजच्या डब्यावर पाणी. शिवाय बॉनेटच्या पत्र्याखाली जी पट्ट्यांची चौकट असते ती उगाच नसते. धडक बसली की बॉनेट ठरलेल्या जागी दुमडावं म्हणून ती तशी केलेली असते. ग्राइंडर घेतलेल्या माणसाला ती दिसत नाही. कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. चिकटवलेलं प्लास्टिक त्यात बसतं का यावर वाद घालता येईल. कापलेल्या बॉनेटबद्दल विमावाल्याशी वाद घालायची माझी तरी हिंमत नाही.

असो. मग गाडी का तापत होती?

शहरातल्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. हा आपल्याकडचा लाडका उपाय. झडपच नको, पाणी सतत फिरू दे! हिवाळ्यात इंजिन वेळेवर गरम होत नाही, डिझेल जास्त खातं, आणि उन्हाळ्यात मूळ दुखणं तसंच राहतं. शेवटी गावच्याच, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "उभी असली का तापते का पयाली का?" मला तेव्हा या प्रश्नाचं मोल कळलं नाही. उभ्याने तापली तर पंख्याकडे पाहायचं, पळताना तापली तर रेडिएटर आणि पाण्याकडे. आमची पळताना जास्त तापायची.

त्याने एसीचा कंडेन्सर पुढे ओढला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बोटभर जाड थर निघाला: सोयाबीनचं कुटार, काळ्या मातीची धूळ, आणि कापसाची रुई. अक्षरशः गादीत भरावी अशी! पुढून पाहिलं तर जाळी स्वच्छ दिसायची, कारण सगळं मधे अडकलेलं. गाडी हंगामात शेतात जाते, कापसाच्या गाड्यांमागे चालते, दुसरं काय होणार? त्याने इंजिनाच्या बाजूने हळू हळू पाणी मारलं (जोराने मारलं तर पत्र्या वाकतात), नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट बदललं.

त्यात उन्हाचाही वाटा होताच. डिसेंबरच्या सकाळी बाहेर १५ अंश आणि आत पाणी ९० अंश, म्हणजे ७५ चा फरक. मे महिन्यात बाहेर ४४, फरक उरतो ४६. रेडिएटर चालतो तो या फरकावर. जवळपास ४० टक्के ताकद यवतमाळचं ऊनच खातं. उरलेल्यातली रुईने खाल्ली तर काटा चढणारच.

आता ताईला हे सांगून मी मोकळा झालो, पण पोरगा काही नाराजी सोडेना. मी त्याला विचारलं, खरं सांग, तुला हवा पाहिजे होती का नाक? थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाक."

मग माझी काही तक्रार नाही. मीसुद्धा कॉलेजात असताना लुनाला रंगीत झिरमिळ्या लावल्या होत्या आणि त्याने ॲव्हरेज वाढतं असं बाबांना सांगितलं होतं. हौसेला हौस म्हणावं, तिला भाऊजींच्या तब्येतीच्या आड लपवू नये, एवढंच मी म्हटलं. भोक न पाडता, चिकटवायचा, बंद तोंडाचा स्कूप दीड हजारात आला. ताई अजून रागावलेली आहे. (ताई, हे वाचत असशील तर, मी त्याला पैसे दिलेले नाहीत.)

गेल्या आठवड्यात मी त्याच गाडीने भाऊजींबरोबर गेलो. काटा पूर्ण वाट मधेच उभा होता. स्कूपचा डावा कोपरा टेप सुटून फडफडत होता. भाऊजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "याला सर्दी झाली वाटते."