दिवे मालवून 'एकच प्याला'

परवा सांगलीला नाटकाला गेलो होतो. सौ. बरोबर होती. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता चार वर्षं झाली. रंगमंचावर काय चाललंय ते मी तिच्या कानात सांगत होतो. पुढचे गृहस्थ दोनदा वळून बघते झाले. त्यांचंही बरोबरच. मध्यंतरात ती म्हणाली, "तुम्ही नका सांगू. तुमच्या बोलण्यात मला नट ऐकू येत नाहीत."

आष्ट्याला परतताना एसटीत डोक्यात एकच विचार. एखादं जुनं नाटक पूर्ण अंधारात का करू नये? कुणालाच दिसणार नाही!

हे खूळ माझं एकट्याचं नाही. १९२४ साली बीबीसीने खाणीतल्या अंधारात घडणारी श्रुतिका केली, तेव्हा श्रोत्यांना घरचे दिवे मालवायला सांगितलं होतं. ब्युनोस आयर्सला २००८ साली अंधारातल्या प्रयोगांचं नाट्यगृहच निघालं. नटांतही अंध होते. आपल्याकडे स्वागत थोरातांनी अंध कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' केलं, पण तिथे प्रेक्षक बघत असतात. आणि १९६३ला सांगली आकाशवाणी सुरू झाली तेव्हा आम्ही नभोनाट्य कंदील बारीक करूनच ऐकायचो. रॉकेल वाचवायला, दुसरं काही नाही.

आमचे एक मित्र म्हणतात, कालिदासाने नाटकाला डोळ्यांचा यज्ञ म्हटलंय, त्याचं काय? कबूल. पण संगीत नाटकाला आपले आजोबा 'ऐकायलाच' जात होते ना?

माझी निवड 'एकच प्याला'. १९१९च्या जानेवारीत गडकरी गेले आणि फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग झाला, सिंधू बालगंधर्वांची. गडकऱ्यांची ती लांबलचक वाक्यं उजेडात हातवाऱ्यांवर निभावतात. अंधारात नाही निभावणार. शब्द गिळणारा नट पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडेल. (मराठी शिकवण्यात जन्म गेला, ही खोड जायची नाही.) तळीराम पेला भरतो तो आवाज आपल्या खुर्चीजवळून यावा. सिंधूचं दळण मात्र ध्वनिमुद्रित नको, खरं जातंच फिरावं.

मोबाइल दारात ठेवून घ्यायचे. कुणी घाबरलं तर ठरलेली हाक, की लगेच दिवा. एवढं जमेल.

पण जातं ओढणार कोण? आजच्या मुलींना खुंटा धरायचा ठाऊक नाही. हे बोललो तर सौ. म्हणाली, "मी ओढीन. आधी परसातल्या जात्याला टाकी लावून आणा."

दोन दिवस पाथरवट शोधतोय.