सेंट लुईसचे प्रदर्शन आणि फिलिपिनो कुत्रा

फिलिपिनो समाज आणि कुत्रा यांचा इतिहास बहुधा एकाच सरळ रेषेत सांगितला जातो: पूर्वी ते कुत्रे खात, आता पाळतात, म्हणजे सुधारले. ही मांडणी मला मान्य नाही. ती कोणी रुजवली, हे पाहण्यासाठी १९०४ सालात जावे लागते. म्हणून आजचा हा धागा.

१८९८ च्या पॅरिस तहान्वये अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपाइन्स ताब्यात घेतले. सहा वर्षांनी सेंट लुईस येथे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा तेथे हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे वस्तूंप्रमाणे मांडण्यात आली. त्यांतील इगोरोतांच्या वस्तीपुढे झुंबड उडे. कारण तेथे कुत्रा मारून शिजवताना पाहावयास मिळे.

आता मूळ प्रथा पाहा. इगोरोत म्हणजे लुझोन बेटाच्या उत्तरेकडील कॉर्डिलेरा पर्वतराजीतील लोक. त्यांच्या काही समाजांत कुत्र्याचा बळी दिला जाई, पण तो विशिष्ट प्रसंगी: आजारपण, हिंसक मृत्यू, शुद्धीकरण. ते रोजचे जेवण नव्हते. प्रदर्शनात मात्र तोच विधी प्रेक्षकांच्या सोयीने पुनःपुन्हा घडवला गेला. ‘या रानटी लोकांवर राज्य करणे आपले कर्तव्यच आहे’ असे अमेरिकन मतदारास पटवण्यासाठी याहून स्वस्त साधन कोणते असणार?

या वस्तीचा व्यवस्थापक ट्रुमन हंट याने पुढे १९०५ साली इगोरोतांचा एक गट कोनी आयलंडच्या करमणूक नगरीत नेला, गावोगाव फिरवला. १९०६ मध्ये त्याच्यावर खटला झाला, तो त्यांचीच कमाई हडपल्याच्या आरोपावरून. रानटी कोण, हे वाचकांनीच ठरवावे. ‘कुत्रे खाणारे’ ही शिवी मात्र अमेरिकेत मजुरीस गेलेल्या फिलिपिनोंना पुढे दशकानुदशके चिकटून राहिली. डोंगराशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांनाही.

याचा अर्थ कुत्र्याच्या मांसाचा व्यापार ही केवळ वसाहतवादी कल्पना होती, असा नव्हे. व्यापार होता, आणि क्रूर होता. मैदानी प्रदेशातून कुत्रे कोंबून बागिओकडे नेले जात. दारूबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या या पदार्थास ‘असुसेना’ म्हणत. हे एका सुगंधी फुलाचे नाव. पण ‘आसो’ म्हणजे कुत्रा आणि स्पॅनिश ‘सेना’ म्हणजे रात्रीचे जेवण, अशी त्यात कोटी आहे. नाव लपवून खाणे हे लाजेचेच लक्षण. विधीला असे टोपणनाव लागत नाही.

कायद्याने हा भेद ओळखला, हे मला महत्त्वाचे वाटते. १९८२ मध्ये मनिला महानगरात खाण्यासाठी कुत्रे मारण्यास व विकण्यास बंदी आली. १९९८ च्या प्राणीकल्याण कायद्याने आदिवासी समाजांच्या विधींना अपवाद ठेवला. २००७ च्या रेबीजविरोधी कायद्याने मात्र मांसासाठी कुत्र्यांचा व्यापार करणाऱ्यास प्रत्येक कुत्र्यामागे किमान पाच हजार पेसो दंड आणि एक ते चार वर्षे कैद ठरवली. त्याच कायद्याने मालकावर लसीकरण, नोंदणी आणि पट्टा बंधनकारक केला. फाटकाशी बांधलेला, उरलेसुरले खाणारा राखणदार आता कायद्याने कुणाची तरी जबाबदारी झाला. बदलाचे खरे वळण मला येथे दिसते, आणि त्यामागे दयेइतकेच रेबीजचे भयही होते.

भाषाही त्याच सुमारास हलली. रस्त्यावरच्या कुत्र्यास ‘आस्काल’ म्हणत, म्हणजे ‘आसोंग काल्ये’, रस्त्याचा कुत्रा. प्राणीप्रेमी संस्थांनी त्याऐवजी ‘आस्पिन’ रूढ केला: ‘आसोंग पिनॉय’, फिलिपिनो कुत्रा. (आपल्याकडे ‘गावठी’ म्हणताना नाक कसे मुरडले जाते, ते आठवा.) तरी विदेशी जातीचे पिल्लू आणि आस्पिन यांना मिळणारा मान आजही सारखा नाही.

डिसेंबर २०११ मध्ये झाम्बोआंगा येथे काबांग नावाची कुत्री दोन मुलींना वाचवण्यासाठी मोटारसायकलपुढे झेपावली आणि तिचा वरचा जबडा तुटला. लोकवर्गणीतून तिला कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे नेण्यात आले. जबडा परत बसवता आला नाही, पण जखमा बंद झाल्या. जून २०१३ मध्ये ती घरी परतली. ज्या देशाने शंभर वर्षांपूर्वी फिलिपिनोंना कुत्रे मारताना पाहण्यासाठी तिकिटे काढली होती, त्याच देशातून.