घरांतील यंत्रें व त्यांची निगा : करवतीचें फुटलेलें कवच

कोंकणांतील वाडीबागायतीच्या घरांत कोयता व कुऱ्हाड यांच्या शेजारीं आतां पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीनेंही जागा मिळविली आहे. ता. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हां वाटा मोकळ्या करण्याच्या कामीं तिचा उपयोग पुष्कळांच्या प्रत्ययास आला. अशी करवत बहुधा सामायिक असते. आज थोरल्या भावाच्या हातीं, तर उद्यां पुतण्याच्या किंवा गड्याच्या. ती कधीं हातांतून पडते, कधीं तिच्यावर फांदी कोसळते, कधीं साखळी तुटून तडाखा देते, आणि धातूचें कवच फुटतें. जुन्या यंत्राचें कवच नवें मिळणें कठीण. मग ‘जरा वेल्डिंग मारून आणा’ असें सांगून यंत्र गांवांतील कारागिराकडे धाडलें जातें. ही घाई यंत्रास व माणसास, दोघांसही घातक ठरूं शकते.

प्रथम फुटलेला भाग कोणतें काम करतो तें पाहावें. कांहीं भाग केवळ झांकणाचा असतो. उदाहरणार्थ, पंख्यावरील आच्छादन. कांहीं भाग इंजिनाचें पोट असतो. कारागीर त्यास क्रँककेस म्हणतात. आणि कांहीं भागांवर चालविणाऱ्याचा जीव अवलंबून असतो: मुठीचा आधार, साखळीचा ब्रेक, तुटलेली साखळी अडविणारा खुंट, व पट्टी धरून ठेवणाऱ्या बोल्टांची बैठक. यांपैकीं झांकण घरीं सांधण्यास हरकत नाहीं. क्रँककेस जाणत्या कारागिराकडेच न्यावी. तिसऱ्या प्रकारचा भाग मात्र सांधूं नये, बदलावा. कारण साखळी सेकंदाला सुमारें 20 मीटर वेगानें धांवत असते. बैठकीचे नुसते आटे गेले असून धातूस भेग नसेल, तर तेथें पोलादी तारेचे नवे आटे बसवून घेतां येतात.

दुसरी गोष्ट धातूची. आंद्रेआस श्टील यांनीं 1926 सालीं श्टुटगार्ट येथें केलेली विजेची करवत दोन माणसांनीं धरावी लागे. त्यांच्या कारखान्याची एकट्यानें चालविण्याची पेट्रोलची करवत 1950 सालीं निघाली. वजन कमी राखण्यासाठीं अशा यंत्रांचीं कवचें पुष्कळदां मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचीं ओततात. हा धातु ॲल्युमिनियमच्या सुमारें दोनतृतीयांश वजनाचा, व दिसण्यांत तसाच. ओळख पटविण्यासाठीं आंतल्या बाजूचा रंग थोडा खरवडून तेथें व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे उठूं लागल्यास मॅग्नेशियम समजावें; थेंब शांत राहिल्यास बहुधा ॲल्युमिनियम. थेंब लगेच पुसून घ्यावा.

ही ओळख पटवावयाची ती आगीच्या भयानें. मॅग्नेशियमची जाड ओतीव वस्तु सहजासहजीं पेटत नाहीं; परंतु कानशीनें पडलेली भुकटी एका ठिणगीनें पेटते व डोळे दिपविणाऱ्या पांढऱ्या ज्योतीनें जळते. तिच्यावर पाणी टाकल्यास हायड्रोजन वायु निघून भडका उडतो. कार्बन डायऑक्साइडचें नळकांडेंही निरुपयोगी, कारण त्या वायूंतही मॅग्नेशियम जळत राहतें. आग दिसतांच घरचीं मंडळी पाण्याच्या कळशीकडेच धांवणार. म्हणून अगदीं कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवून तिचें प्रयोजन सर्वांस आधींच सांगून ठेवावें.

झांकण सांधतांना तें यंत्रापासून सोडवून तेलाचा अंश निपटून काढावा. भेगेच्या टोंकाशीं दोन-तीन मिलिमीटरचें भोंक पाडावें, म्हणजे भेग पुढें सरकत नाहीं. हातकानशीनें भेगेच्या कडा उतरत्या कराव्या, ॲसिटोननें पुसाव्या, व धातूची पूड मिसळलेलें एपॉक्सी भरून आंतून ग्लासफायबरच्या कापडाची पट्टी बसवावी. डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत हात लावूं नये. सायलेन्सरलगत हा उपाय टिकत नाहीं.

क्रँककेसची गोष्ट निराळी. टू-स्ट्रोक इंजिनांत वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच असतें, व तें मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरांत जातें. तेथें केसाएवढी भेग असली तरी बाहेरची हवा आंत शिरते, पेट्रोल व तेल यांचें प्रमाण घटतें, इंजिन आपोआप भरधांव फिरूं लागतें, आणि शेवटीं दट्ट्या तापून सिलिंडरांत अडकतो. अशा जोडास आर्गॉन वायूच्या आवरणाखालीं केलेलें वेल्डिंग व मॅग्नेशियमचीच कांडी लागते. ॲल्युमिनियमच्या कांडीनें जोड ठिसूळ होतो. ओतकामांत मुरलेलें तेल तापतांच वर येऊन सांध्यांत छिद्रें पाडतें, हें कारागिरास माहीत आहे कीं नाहीं तें आधीं विचारावें. वेल्डिंगनंतर दोन अर्धुकांच्या मिळणाऱ्या कडा सपाट आहेत व बेअरिंगच्या जागा सरळ रेषेंत आहेत, याचीही खात्री करून घ्यावी.

एकत्र कुटुंबांत एक दक्षता अधिक घ्यावी लागते. भेग ज्यानें पाहिली व ज्यानें सांधली, करवत नेहमीं त्याच्याच हातीं असेल असें नाहीं. म्हणून सांध्यावर तांबड्या रंगाची खूण करावी, दुरुस्तीची तारीख लिहून ठेवावी, आणि दर वेळीं यंत्र सुरू करण्यापूर्वीं ती खूण पाहण्याची संवय सर्वांस लावावी. सांध्याजवळ नवी रेघ दिसली, किंवा गति आपोआप वाढूं लागली, तर काम अर्धें टाकून यंत्र बंद करावें. ओंडका दुसऱ्या दिवशींही कापतां येतो.