आधी वेग, मग अक्कल

मोठी, म्हणजे १/५ मापाची रिमोटची बग्गी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पळते किती?" मला हा प्रश्नच मान्य नाही. एचपीआयची बाहा ५बी २००६ साली आली ती पेट्रोलवर, मागच्या दोन चाकांवर पळणारी. लोसीची डीबीएक्सएल-ई चारही चाकं फिरवते आणि ८ सेलच्या, २९.६ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. दहा किलोच्या वरचं धूड हे! वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. मैदानात मध्येच कुणाचं पोर आलं तर?

पण खोकं उघडल्याउघडल्या मंडळींना हवे असतात चकाकणारे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म. अहो, नायलॉनचा आर्म लवतो आणि पुन्हा सरळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलाच. नाही वाकला तर तो धक्का पुढे चासीला देतो. वर वजन वाढतं. मग मोटर कमी वाटते, मोठी घातली की ड्राइव्हशाफ्ट तुटतो... मीटर चालूच. (घरी किंमत अर्धीच सांगतात म्हणे!)

असो. गाडी घ्या ती सुटे भाग सहज मिळणारी. पहिला खर्च दणकट स्टिअरिंग सर्व्होवर. मग मधल्या डिफरन्शियलचं तेल बघा. ते फार पातळ असलं तर पुढची चाकं हलकी होताच सगळी ताकद तिकडेच वाया जाते.

आणि फेलसेफ लावा, त्याला पैसेही पडत नाहीत. गाडी स्टँडवर ठेवा, चाकं हळू फिरवा, हातातला ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबली नाहीत तर गाडी घरीच राहू द्या.