आयुष म्हात्रेला लिलावात कोणी का घेतले नाही? ड्राफ्ट, लिलाव आणि मस्कतमधली आपली मुले



मस्कतमध्ये मुलांना क्रिकेट कोचिंगला सोडायला-आणायला जाणाऱ्या आई-बाबांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. "मुलगा बरा खेळतोय, सर पण म्हणतात टॅलेंट आहे. मग पुण्याला आजी-आजोबांकडे पाठवावा का?" वैभव सूर्यवंशीने १४ व्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक ठोकल्यापासून (२८ एप्रिल २०२५, गुजरात टायटन्सविरुद्ध) हा प्रश्न जरा जास्तच जोरात विचारला जातो. आधी १७-१८ व्या वर्षापर्यंत थांबायची तयारी असायची, आता १२ व्या वर्षीच घाई होते!

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्यापेक्षा निवड होते कशी हे आधी समजून घेऊ. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे कुठलीही सिस्टीम दिसली की तिचे इनपुट काय, आउटपुट काय आणि ती चुकते कुठे, हे बघायची सवय आहे. त्याच नजरेने हा लेख लिहीत आहे.

विरारच्या मुलाची गोष्ट

सुरुवात आपल्या विरारच्या आयुष म्हात्रेपासून करू. ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजी करंडकात बीकेसीच्या मैदानावर मुंबईकडून खेळताना त्याने महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या. वय वर्षे १७. चेन्नई सुपर किंग्जची नजर त्याच्यावर गेली आणि लिलावाआधीच त्याला निवड चाचणीला बोलावणे आले. म्हणजे स्काउट लोकांनी त्यांचे काम चोख केले होते.

मग २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये मोठा लिलाव झाला. यादीत ५७७ खेळाडू होते, विकले गेले १८२. आयुषची मूळ किंमत होती फक्त ३० लाख. त्याला कोणीच घेतले नाही, चेन्नईनेही नाही!

पुढे काय झाले ते आपल्याला माहीतच आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला त्याने विजय हजारे स्पर्धेत नागालँडविरुद्ध ११७ चेंडूंत १८१ धावा केल्या. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या कोपराला फ्रॅक्चर झाले, चेन्नईच्या वरच्या फळीत जागा रिकामी झाली आणि त्याच ३० लाखांत आयुषला घेतले गेले. २० एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध पहिल्याच सामन्यात १५ चेंडूंत ३२. ३ मे रोजी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. सात सामन्यांत २४० धावा. मग १९ वर्षांखालील भारतीय संघाचे कर्णधारपद.

आता गंमत बघा. नोव्हेंबर ते एप्रिल या पाच महिन्यांत मुलगा काही वेगळा झाला नव्हता. बदलली ती रिकामी खुर्ची. लिलावानंतर चेन्नईकडे वरच्या फळीत ऋतुराज, कॉनवे, रचिन रवींद्र, राहुल त्रिपाठी अशी भरगच्च मंडळी होती. स्काउटने "हो" म्हटले तरी संघाकडे जागा नसेल तर ते "हो" कागदावरच राहते. पालकांनी पहिली लक्षात ठेवायची गोष्ट हीच की नजरेत भरणे आणि निवड होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी मुलाच्या हातात नसते.

स्काउट नेमके बघतो काय?

आपल्याला वाटते, धावा बघत असेल. धावा तर स्कोअरकार्डवर कोणालाही दिसतात, त्यासाठी माणूस पाठवायची गरज काय? स्काउट बघतो ते स्कोअरकार्डवर नसलेले. १४० च्या वेगाचा आखूड चेंडू आला की मुलगा मागे सरतो का, डोके स्थिर राहते का, बाद झाल्यानंतरच्या डावात तीच चूक पुन्हा करतो का. २०१३ च्या मुश्ताक अली स्पर्धेत जॉन राइट यांनी जसप्रीत बुमराह हेरला तो बळींच्या आकड्यावरून नव्हे, तर वेगळ्याच ॲक्शनमधून येणाऱ्या वेगावरून.

राजस्थान रॉयल्सनेही वैभव सूर्यवंशीला लिलावाआधी नागपूरला चाचणीसाठी बोलावले होते. मग त्या १३ वर्षांच्या मुलासाठी १ कोटी १० लाख मोजले.

स्थानिक लीगचेही महत्त्व वाढले आहे. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने २०२३ च्या पहिल्याच महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये एका सामन्यात ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार, आणि वर ४ बळी. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लखनौने त्याला २० लाखांना घेतले. मुंबई इंडियन्सने केरळच्या लीगमधून विघ्नेश पुथुर उचलला, तोपर्यंत तो केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळला नव्हता.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. स्काउट बसलेला असतो तिथेच ही मुले खेळत होती.

अमेरिकेत हे कसे करतात?

हेच काम अमेरिकेतले बेसबॉलवाले कितीतरी आधीपासून करत आहेत. त्यांच्याकडे लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात, आणि मागच्या हंगामात खाली राहिलेल्यांना साधारणपणे आधी संधी मिळते. पहिला ड्राफ्ट १९६५ साली झाला आणि त्यात सर्वांत आधी निवडला गेला तो रिक मंडे, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा आउटफिल्डर, म्हणजे लांब सीमेकडे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. आज ३० संघ २० फेऱ्यांत मिळून सहाशेच्या वर मुले निवडतात, आणि त्यातली बहुतेक मुले सर्वोच्च लीगपर्यंत कधीच पोचत नाहीत.

आउटफिल्डर बघताना तिथला स्काउट पाच गोष्टींना गुण देतो: चेंडू बॅटवर घेण्याची हातोटी, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि फेक. गुण २० ते ८० मध्ये, ५० म्हणजे सर्वोच्च लीगमधला सरासरी खेळाडू. विशेष म्हणजे प्रत्येक बाबतीत दोन आकडे लिहितात, आज काय आहे आणि पुढे काय होऊ शकेल. दुसरा आकडा हा शेवटी अंदाजच! १८ वर्षांच्या मुलाचे शरीर २४ व्या वर्षी कसे असेल हे कोण सांगणार?

ॲरन जजचे उदाहरण घ्या. २०१० मध्ये शाळेतून बाहेर पडताना ओकलंडने त्याला ३१ व्या फेरीत निवडले, म्हणजे बरेच उशिरा. त्याने "नको" म्हटले आणि फ्रेस्नो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला गेला. तीन वर्षे कॉलेजकडून आउटफिल्डमध्ये खेळला. २०१३ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याला पहिल्या फेरीत, एकूण ३२ वा निवडला. तेव्हाही त्याच्याआधी ३१ खेळाडू निवडले गेले होतेच. २०२२ मध्ये याच जजने ६२ होम रन मारून अमेरिकन लीगचा विक्रम केला.

यातली आपल्या कामाची गोष्ट होम रनची नाही. जज "नको" म्हणू शकला, कारण नकारानंतर जायला त्याच्याकडे जागा होती. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा साधारण तिसरे वर्ष पूर्ण केल्यावर किंवा २१ व्या वर्षी पुन्हा ड्राफ्टला पात्र होतो. तोपर्यंत अभ्यासही चालू, खेळही चालू. निवड झाली नाही तरी पदवीच्या वाटेवर तो असतोच. इंजिनीअरिंगच्या भाषेत बोलायचे तर या सिस्टीमला बॅकअप आहे.

आपल्या क्रिकेटमध्ये ही पायरी गायब आहे. १४ ते १९ या वयात मुलाला वयोगटाचे सामने खेळायचे असतात, नेमक्या त्याच वर्षांत दहावी, बारावी आणि प्रवेश परीक्षा येतात. कॉलेज क्रिकेटकडे आयपीएलचे स्काउट फारसे फिरकत नाहीत. त्यामुळे "शिक्षण की खेळ" हा प्रश्न जो अमेरिकेतल्या मुलाला २१ व्या वर्षी पडतो, तो आपल्या मुलाला १५ व्या वर्षी पडतो. आणि परदेशात राहणाऱ्या कुटुंबाला तर त्यासोबत घरही दोन देशांत वाटावे लागते.

नेत्रावळकरची दुसरी फेरी

पण दुसरी वाटही निघते, आणि ती एका मराठी इंजिनीअरनेच दाखवली आहे. सौरभ नेत्रावळकर २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मुंबईकडून रणजीचा एक सामनाही त्याला मिळाला. पुढे जागा दिसेना, तेव्हा कम्प्युटर इंजिनीअर असलेला हा मुलगा २०१५ मध्ये एम.एस. करायला कॉर्नेलला गेला आणि नंतर ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. क्रिकेट मात्र सोडले नाही. मार्च २०२३ मध्ये ह्यूस्टनला मेजर लीग क्रिकेटचा ड्राफ्ट झाला, अगदी बेसबॉलसारखा. त्यातला पहिला खेळाडू होता मुंबईचाच हरमीत सिंग, आणि सौरभला घेतले वॉशिंग्टनने. जून २०२४ मध्ये टी-२० विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर टाकून त्याने अमेरिकेला जिंकून दिले, आणि सहा दिवसांनी रोहित आणि विराट दोघांनाही बाद केले.

एका देशात जे दार बंद झाले ते वेगळ्या देशात उघडले. पदवी हाताशी होती म्हणून तो तोपर्यंत टिकू शकला, हे विसरू नका.

ओमानमध्ये काय?

आता आपल्या दारात येऊ. ओमान क्रिकेट म्हटले की कनकसी खिमजी यांचे नाव आधी घ्यावे लागते. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांनी लावलेले झाड आज सावली देत आहे. २०१६ मध्ये धर्मशाळेला ओमानने आयर्लंडला हरवले. २०२१ च्या टी-२० विश्वचषकाचे पहिल्या फेरीचे सामने आपल्या अल अमेरातच्या मैदानावर झाले. १९ सप्टेंबर २०२५ ला आशिया चषकात अबुधाबीला भारताच्या १८८ धावांसमोर ओमानने ४ बाद १६७ पर्यंत मजल मारली, फक्त २१ धावांनी हरले. त्या स्पर्धेच्या संघात करण सोनावले हे नाव होते आणि प्रशिक्षकांत मुंबईचे सुलक्षण कुलकर्णी. त्याआधी वैभव वाटेगावकरही ओमानकडून खेळला आहे. ऊर फक्त अभिमानाने भरून न घेता जरा बारकाईने बघू.

आयसीसीच्या नियमांप्रमाणे एखाद्या देशाकडून खेळायला तिथला जन्म, तिथले नागरिकत्व किंवा लागोपाठ ३ वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणजे मस्कतमध्ये जन्मलेला मराठी मुलगा भारतीय पासपोर्टवरही ओमानसाठी पात्र ठरू शकतो. मग राष्ट्रीय संघात बहुतेक खेळाडू भारत-पाकिस्तानात घडून, विशीत नोकरीसाठी इकडे आलेले का दिसतात? कारण सरळ आहे. आपली मुले बारावी झाली की पुणे, मणिपाल, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशी पांगतात. ज्या वयात निवड समिती खेळाडूकडे गंभीरपणे बघू लागते, त्याच वयात आपण त्यांना विमानात बसवतो. कंपनीत नोकरी करून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी खेळणारा माणूस मात्र इथेच राहतो, निवड समितीला रोज दिसतो. म्हणून तो संघात जातो.

मग करायचे काय?

प्रत्येक घराचे गणित वेगळे, पण काही गोष्टी सगळ्यांना लागू पडाव्यात असे वाटते.

एक, मुलाला "टॅलेंट" आहे का हे फी घेणाऱ्या कोचला विचारू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुणे, मुंबई, नाशिक किंवा कोल्हापूरला त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलांबरोबर ८-१० सामने खेळू द्या. त्यातून येणारे उत्तर खरे असते. आपल्या मस्कतच्या गटात पहिला आलेला मुलगा तिथे कितवा येतो, हे एकदा डोळ्यांनी बघा.

दोन, पाठवायचा निर्णय घेण्याआधी संबंधित राज्य संघटनेचे पात्रतेचे नियम लेखी स्वरूपात मिळवा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, वास्तव्याचा पुरावा यांत परदेशातल्या मुलांची गाडी अडकते. १६ वर्षांखालील गटात हाडांवरून वयाची तपासणीही होते. आयपीएलसाठी १९ वर्षांच्या आतल्या मुलाने निदान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा लागतो. म्हणजे शॉर्टकट नाही, राज्याच्या संघातूनच वाट जाते.

तीन, शिक्षणाचा धागा तोडू नका. जज आणि नेत्रावळकर, दोघांनाही दुसरी संधी मिळाली तोपर्यंत उभे राहायला पायाखाली जमीन होती. मुदत ठरवा: दोन वर्षे, तीन वर्षे, जे काय असेल ते, आणि ती मुलालाही आधीच सांगा.

चार, इथेच राहायचे असेल तर ओमानची वाट दुय्यम मानू नका. ज्या मुलाला नोकरी-धंदा इथेच करायचा आहे, त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय क्रिकेट तुलनेने जवळ आहे. मुंबईच्या मैदानांवर एका जागेसाठी शेकडो मुले उभी असतात, हे लक्षात घ्या.

आणि शेवटचे. आयुष म्हात्रेचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण ऋतुराजच्या कोपराला लागले आणि त्याच वेळी आयुष तयार होता. जे तयार होते पण ज्यांच्यासाठी खुर्ची कधी रिकामीच झाली नाही, त्यांची नावे आपल्यापर्यंत येत नाहीत. मुलगा मैदानावरून घरी आल्यावर "किती काढल्या?" एवढेच न विचारता "मजा आली का?" हेही विचारू या. कुठल्याही स्काउटच्या कागदावर त्याला गुण नसतात, पण तो मुलगा तिशीतही खेळत राहील की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते.

तुमच्यापैकी ज्यांनी मुलांना खेळासाठी भारतात पाठवले आहे, किंवा पाठवून परत आणले आहे, त्यांनी आपले अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवावेत. पुढच्या पालकांना त्याचा नक्कीच उपयोग होईल.