निकाल बघितलात, दाखला वाचलात का?

१ मे जवळ आला की आमच्या घरातल्या फोनवर शाळेच्या ग्रुपचे निरोप सुरू होतात. ‘सकाळी झेंडावंदन, त्यानंतर निकाल. पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे.’ ‘वाचनालयाची पुस्तके जमा करावीत.’ ‘चौथीच्या पालकांनी दाखल्यासाठी अर्ज द्यावा.’ फोन ह्यांचा, ग्रुपवर नंबर ह्यांचा, आणि पालक म्हणजे मात्र मी! संध्याकाळी घरी आले की फोन माझ्या हातात देतात, ‘बघ गं, काय म्हणतायत शाळावाले.’ तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं हेच असणार.

निकालाचं आपण सगळ्याजणी बघतो. पूर्वीसारखे मार्क नाहीत, श्रेणी असते, तरी शेजारच्या मुलाला अ-१ आणि आपल्याला अ-२ का, हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पाचवी-आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आणि पास-नापास आलं, म्हणून त्या वर्गांच्या आयांना जरा जास्त धाकधूक. पण प्रगतीपुस्तक जूनमध्ये कुठं असतं, आठवतंय? कपाटात, साड्यांच्या खाली. पुढं जन्मभर पुरतो तो दुसराच कागद. शाळा सोडल्याचा दाखला.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच असतात. म्हणजे दहा वर्षांच्या लेकराच्या हातात पहिला दाखला येतो. आणायला कोण जातं? काका, नाहीतर मोटरसायकल मोकळी असेल तो. तो घडी घालून खिशात घालतो आणि तसाच नव्या शाळेत देतो. वाचत कुणीच नाही. त्यावर नाव असतं, आईचं नाव, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. एकेक रकाना पुढं कुठं ना कुठं आडवा येणारा.

हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. माझा जन्म नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे ऑगस्टमधला. शाळेत मात्र तारीख लागली १ जून. आमच्या पिढीत १ जूनवाले ढीगभर सापडतील, गावच्या गावं त्या दिवशी जन्मली! जूनमध्ये शाळा भरायची, पोरीला सहा पुरी व्हायला दोन-अडीच महिने कमी पडायचे, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे. त्यांचा हेतू चांगलाच होता, नाहीतर माझं एक वर्ष घरी गेलं असतं. आईला वाचता येत नव्हतं, दादांनी अंगठ्याशेजारी सही केली. पुढं लग्न झालं, दोन मुलं झाली आणि एका भरतीची जाहिरात आली. वयाची अट १ जुलैला मोजायची होती. खऱ्या तारखेनं मी बसत होते, दाखल्याच्या तारखेनं एक महिन्यानं बाहेर. त्या कार्यालयातला माणूस म्हणाला, ‘बाई, आम्ही कागद बघतो.’ त्याचंही खरंच होतं. मी घरी येऊन पोळ्या लाटल्या.

आता तसं वय वाढवायचं कारण उरलेलं नाही. पहिलीसाठी सहा वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पुरी झाली तरी चालतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेत घालताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. पण आज जी मुलं पहिली ते चौथीत आहेत ती त्याआधीची. त्यांच्या नोंदी घाईत, तोंडी सांगून, कुणाच्या तरी अक्षरात झालेल्या असू शकतात. आधारवर एक नाव, रजिस्टरवर दुसरं, असं असलं की शाळेची ऑनलाइन कामंही अडकतात.

दाखला लिहिला जातो तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. चूक तिथं असेल तर दाखल्यावर नुसती खाडाखोड करून भागत नाही, आणि तशी कुणी करूही नये. मूल त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, सोबत जन्मदाखला जोडायचा, मग तो वरच्या अधिकाऱ्यांकडे मंजुरीला जातो. नाव कमी झाल्यावर हेच काम फार जड जातं. म्हणून १ मे रोजी निकालाच्या गर्दीत नव्हे, त्याच्या आधी जायचं. (आणि कुणी दाखल्यासाठी अडवून धरलं तर एवढं लक्षात ठेवा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. ऊसतोडीहून परतलेल्या आयांना हे कुणी सांगतच नाही.)

माझं शाळांशी भांडण एवढंच आहे. ग्रुपवर गणवेशाचं येतं, सहलीच्या फोटोंचं येतं, मग ‘आपल्या पाल्याची रजिस्टरवरची नोंद येऊन तपासा’ एवढं एक वाक्य का येत नाही? एप्रिलमध्ये प्रत्येक आईला त्या नोंदीची झेरॉक्स दाखवावी, बरोबर असेल तर सही घ्यावी. एक कागद लागेल. शिक्षकांना कामं कमी नाहीत, निवडणूक त्यांनाच, ऑनलाइन माहिती त्यांनीच भरायची, हे मलाही दिसतं. पण पुढच्या दहा वर्षांच्या चकरा एका दुपारी वाचत असतील तर ते काम आधी नको का?

धाकटी यंदा चौथीत. गेल्या आठवड्यात मी गेले आणि रजिस्टर बघायला मागितलं. सर जरा चमकले, मग खुर्ची दिली. जन्मतारीख बरोबर, जात बरोबर. आईच्या नावाच्या रकान्यात लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव! ते नाव माझ्या आधारवर नाही, बँकेत नाही, माझ्या स्वतःच्या दाखल्यावर तर नाहीच. भरती करताना ह्यांनी घरात हाक मारतात तेच सांगितलं होतं.

तिथंच बसून अर्ज लिहिला, तिच्या जन्मदाखल्याची आणि माझ्या आधारची झेरॉक्स जोडली, पोच घेतली. रात्री ह्यांनी पोच उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, ‘अर्जावर सही कुणाची?’

‘माझी. माहेरच्या नावानं.’