आर्नेमचा दोष कुणाच्या पदरी?

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘अ ब्रिज टू फार’ (1977) या चित्रपटात एक तरुण गुप्तवार्ता अधिकारी हॉलंडमधल्या आर्नेमजवळच्या जर्मन रणगाड्यांची हवाई छायाचित्रे वरिष्ठांपुढे ठेवतो. वरिष्ठ ती बाजूला सारतात आणि त्यालाच आजारपणाच्या रजेवर धाडतात. पाहणाऱ्याचा निवाडा तिथेच होऊन जातो. प्रसंग मनगढंत नाही. तो अधिकारी म्हणजे ब्रायन अर्कहार्ट, जे पुढे संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर गेले. तरीही ‘मार्केट गार्डन’ या छत्रीसैनिकांच्या मोहिमेच्या पराभवाचे सगळे ओझे अर्कहार्ट यांचे वरिष्ठ जनरल ब्राउनिंग यांच्या टेबलावर टाकणे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

आधी हे पाहायला हवे की डाव मुळात टाकण्याजोगा होता का. सप्टेंबर 1944 च्या पहिल्या आठवड्यात जर्मन सैन्य फ्रान्स आणि बेल्जियममधून पळत होते. 3 तारखेला ब्रसेल्स पडले, 4 ला अँटवर्प. 8 तारखेपासून हॉलंडमधून लंडनवर व्ही-2 रॉकेटे येऊ लागली. ऱ्हाइन ओलांडता आली असती, तर जर्मनीची तटबंदी बगलेला टाकून रूरच्या कारखान्यांपर्यंत वाट मोकळी होती. छत्रीसैनिकांनी पूल धरायचे आणि जमिनीवरच्या फौजेने धावत येऊन त्यांना गाठायचे, ही कल्पनाही वेडेपणाची नव्हती. बांगलादेश युद्धात 11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईलजवळ आपली दुसरी पॅरा (मराठा) पलटण अशीच उतरली, पूंगलीचा पूल तिने धरला आणि एका दिवसात पहिली मराठा पलटण तिला येऊन मिळाली. तिथे अंतर थोडे होते आणि शत्रू आधीच खचलेला होता, हा फरक मात्र विसरता येत नाही.

विरोधी पक्षाचा सर्वात वजनदार मुद्दा अँटवर्पचा आहे. बंदर हाती आले, पण शेल्ट नदीचे मुख जर्मनांकडेच राहिले, त्यामुळे नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथे रसद उतरू शकली नाही. मोहीम मांडणारे ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरी यांनी आधी ते मुख मोकळे करायला हवे होते, हे म्हणणे आम्हाला पटते. पण दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनीही मोहिमेला होकार दिला होता, हेही नोंदले पाहिजे.

खरा घात आराखड्यात होता. 17 सप्टेंबरच्या रविवारी तीन डिव्हिजन उतरायला निघाल्या. जमिनीवरून पाठीमागून येणाऱ्या 30 व्या कोअरला सुमारे 100 किलोमीटरचा एकच रस्ता होता, दोन्ही बाजूंना सखल, ओली जमीन. विमाने पुरेशी नव्हती. पहिल्या दिवशी दोन खेपा कराव्यात हा आग्रह वैमानिकांचा थकवा आणि लहान झालेला दिवस दाखवून नाकारला गेला. आर्नेमच्या पुलाजवळ विमानविरोधी तोफा असतील आणि जमीन ग्लायडरना चालणार नाही, म्हणून ब्रिटिश डिव्हिजन दहा-बारा किलोमीटर लांब उतरवली गेली. सुटा पाहिला तर यातला प्रत्येक निर्णय समंजस वाटतो. एकत्र मांडले की अचानकपणा, म्हणजे छत्रीसैनिकाचे एकमेव भांडवल, संपलेले दिसते. पहिल्या खेपेतले बरेच सैन्य तर पुढच्या खेपेसाठी मैदान राखण्यातच अडकले. पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचले ते 740 च्या आसपास, त्यांचे नेते जॉन फ्रॉस्ट. (1912 साली त्यांचा जन्म पुण्यात झाला होता.) संपूर्ण डिव्हिजनने दोन दिवस धरायचा तो पूल त्यांनी तीन दिवसांहून अधिक काळ धरला.

मग त्या छायाचित्रांचे काय? अलीकडे मिळालेल्या एका मूळ छायाचित्राच्या अभ्यासात ते रणगाडे जुन्या बनावटीचे, बहुधा प्रशिक्षण तुकडीचे असल्याचा निष्कर्ष निघाला. एसएसच्या दोन पॅन्झर डिव्हिजन त्या परिसरात आहेत, हे इतर मार्गांनी वरिष्ठांच्या कानी आलेच होते. त्या खिळखिळ्या झाल्या आहेत असे त्यांनी धरले. खिळखिळ्या त्या होत्याच, पण हवाई हल्ला परतवण्याचे शिक्षण घेतलेल्या होत्या. ब्राउनिंग यांचा दोष आहे. तो लपवाछपवीचा कमी आणि आवडीची बातमी मोठी व नावडती लहान करून पाहण्याचा जास्त आहे. या दोषात वरपासून खालपर्यंत बरेच भागीदार होते.

आराखड्याबद्दल उघड प्रश्न विचारणारा एकजण होता: पोलिश ब्रिगेडचे जनरल सोसाबोव्स्की. धुक्यामुळे त्यांची माणसे 21 तारखेला ड्रीलला उतरली, तोवर पूल गेला होता. पराभवानंतर ठपका त्यांच्यावर आला आणि डिसेंबरमध्ये त्यांची ब्रिगेड काढून घेण्यात आली. या अन्यायाचा आम्हाला आजही संताप येतो. नेदरलँड्सने 2006 साली त्यांना शौर्यपदक दिले, पण तोपर्यंत ते हयात नव्हते.

आर्नेमला गेलेल्या सुमारे 10,000 जणांपैकी 25 सप्टेंबरच्या रात्री नदीपार परतले ते 2,000 च्या थोडे वर. चित्रपट तिथे संपत येतो, पण हॉलंडला पराभवाची किंमत त्यानंतर मोजावी लागली. मोहिमेला मदत म्हणून लंडनमधल्या डच सरकारच्या हाकेवरून रेल्वे कामगारांनी संप केला होता. बदला म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडचे धान्य अडवले. त्या हिवाळ्यात सुमारे 20,000 माणसे उपासमारीने मेली. घरे सोडायला लावलेल्या आर्नेमकरांना आपले शहर मोकळे झालेले पाहायला एप्रिल 1945 उजाडावा लागला.